खळ, गोळा आणि पांढरी माती: हस्तकलेचं सामान घरच्या घरी

मुलांच्या हाती कागद-कात्री दिली की सगळ्यात आधी डिंकाची बाटली रिकामी होते. कागद पुरतो, रंग पुरतात, डिंक काही पुरत नाही. एक चांदणी चिकटवायला त्यांना अर्धी बाटली लागते. म्हणून घरी एकच गोष्ट करायची असेल, तर खळ करा. बाकीचं सवडीने.

अर्धी वाटी मैदा अर्ध्या वाटी पाण्यात कालवायचा. हे पाणी गारच हवं. पीठ थेट गरम पाण्यात पडलं की गुठळी बाहेरून शिजते आणि आत कोरडीच राहते, मग कितीही घोटा. गुठळ्या मोडल्या की दीड वाटी उकळतं पाणी बारीक धारेने ओतत ढवळायचं आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं शिजवायचं. नजर रंगावर असू द्या. आधी मिश्रण दुधाळ दिसतं, मग कालथा एकदम जड लागतो, पांढरेपणा उतरतो आणि खळ किंचित पारदर्शक होते. तिथे गॅस बंद. दुधाळ असतानाच उतरवली, तर वाळल्यावर ती पिठूळ होते आणि चिकटवलेलं सुटून येतं.

ही खळ कागद, पुठ्ठा आणि सुती कापड उत्तम धरते. प्लास्टिक आणि काचेच्या वाटेला जाऊ नका, तिथे तिचं काही चालत नाही. झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहते. आंबूस वास आला की टाकून द्यायची.

फुग्यावर कागद चिकटवून मुखवटे करायचे असतील, तर खळ पाणी घालून सैल करा आणि कागदाच्या पट्ट्या कात्रीने न कापता हाताने फाडा. फाटलेल्या कडेला तंतू मोकळे असतात, ते खालच्या थरात बसून जातात. कापलेली कड मात्र रंग दिल्यावरही पायरीसारखी दिसते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं, कारण कागदात तंतू एका दिशेने निजलेले असतात. मुलांना ती दिशा शोधायला सांगा. माझ्याकडची भाचरं त्यातच निम्मी दुपार घालवतात, आणि मला तेवढाच वेळ मिळतो.

आता खेळायचा मऊ गोळा. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस. सगळं जाड बुडाच्या पातेल्यात गार असतानाच एकत्र करायचं आणि मग मंद आचेवर सतत हलवायचं. बराच वेळ नुसती खीर दिसते आणि हे काही जमत नाही असं वाटतं. हलवणं थांबवू नका. मग बुडाशी ढेकळं धरायला लागतात, कडा सुटतात आणि सगळा ऐवज कालथ्याभोवती गोळा होतो. ताटात काढा, हाताला सोसेल इतकं निवलं की चांगलं मळा. कानाच्या पाळीइतका मऊ लागला की झाला.

बिनशिजवता मळलेल्या गोळ्याच्या कृतीही पुष्कळ आहेत. मी त्या करत नाही. एक तर तो लवकर चिकट होतो, आणि दुसरं म्हणजे कच्च्या पिठात जंतू असू शकतात. लहान मुलांचे हात तोंडात जाणारच. शिजवलेला गोळासुद्धा खायचा नाहीच, त्यात मीठ फार असतं. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा, एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

मिठामुळे गोळा टिकतो, पण तेच मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. दमट दिवसांत गोळा पाझरायला लागला, तर थोडा कोरडा मैदा लावून मळा. कोरडा पडला, तर नुसता हात ओला करून मळा. पाणी ओतलं की राडा होतो.

वाळवून ठेवायच्या वस्तूंसाठी वेगळी माती लागते: दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी. धुण्याचा सोडा नव्हे, तो हाताला लागतो. तसंच मंद आचेवर घट्ट होईस्तोवर हलवायचं, मग ओल्या फडक्याखाली निवू द्यायचं. ही माती स्वच्छ पांढरी वाळते. जाडी पेन्सिलीपेक्षा कमी ठेवा आणि वाळताना वस्तू अधूनमधून उलटा, नाहीतर एक बाजू आधी आकसते आणि वस्तू वाकते. तडा गेलाच, तर याच मातीत पाणी कालवून बोटाने भरून टाका.

रंगासाठी स्वयंपाकघरात हात घालण्याआधी एक गंमत लक्षात घ्या. लिंबू घातलेल्या गोळ्यात हळद छान पिवळी राहते. सोड्याच्या मातीत तीच हळद तांबूस होते, कारण सोडा अल्कधर्मी असतो. मुलांना आधी न सांगता दोन्हींत चिमूट चिमूट घालायला द्या. बिटाचा रस सुंदर गुलाबी दिसतो, पण आचेवर तो मळकट होतो, म्हणून मळताना घाला. उन्हात ठेवलेल्या वस्तूवरचा तो रंग उडणार, हेही धरून चाला. पक्का आणि भडक रंग हवा असेल, तर खायचा रंग बरा. फक्त मुलांचे जुने कपडे चढवा.

बोटांनी रंगवायचे रंग हे खळीचंच भावंड. पाव वाटी कॉर्नफ्लोअर एक वाटी गार पाण्यात कालवून घट्ट होईपर्यंत शिजवा, लहान डब्यांत वाटून रंग घाला. प्रत्येक डब्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकला, तर हात धुताना रंग पटकन निघतो. ब्रश नसला तर अडत नाही: कपड्यांच्या चिमट्यात स्पंजचा तुकडा धरला की काम होतं.

पातेलं घासताना मात्र गरम पाणी घेऊ नका, राहिलेलं पीठ आणखी घट्ट बसतं. गार पाण्यात भिजत ठेवा, सुटलेला थर खरवडून कचऱ्याच्या डब्यात टाका. सिंकमध्ये सोडला तर नळीत जाऊन बसेल.