गर्दीच्या वेबसाइटचा वेग कसा वाढवावा

वर्डप्रेस किंवा ड्रुपल या वेबसाइट चालवणाऱ्या प्रणालींवरची साइट गर्दीत अडखळू लागली की मोठा सर्व्हर घ्यायचा विचार आधी सुचतो. तो शेवटी करा. बहुतेक वेळा सर्व्हर लहान नसतो, तो तेच काम पुन्हा पुन्हा करत असतो. कुणी पान उघडलं की पीएचपी (या प्रणाली जिच्यात लिहिल्या आहेत ती भाषा) डेटाबेसला डझनावारी क्वेरी, म्हणजे माहितीच्या मागण्या, करते, त्यातून पान तयार करते आणि पाठवते. पुढच्या वाचकासाठी तेच पान पुन्हा पहिल्यापासून.

१. आधी मोजा. ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत, म्हणजे लॉगिन न करता, साइट उघडा. डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये सर्वांत वरच्या ओळीवर क्लिक करून पहिला बाइट यायला किती वेळ लागला ते पाहा. तो ८०० मिलिसेकंदांच्या आत असावा. तो जास्त असेल तर दोष बहुधा सर्व्हरकडे आहे. तो ठीक असूनही पान रेंगाळत असेल, तर थेट पाचव्या पायरीवर जा.

२. पेज कॅश सुरू करा. एकदा तयार झालेलं पान साठवून सगळ्यांना तेच द्यायचं. सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. पण कॅश चालू करणं आणि तो लागू पडणं यात अंतर आहे. तेच पान दोनदा उघडा आणि नेटवर्क टॅबमधल्या रिस्पॉन्स हेडरमध्ये (सर्व्हरने पानासोबत पाठवलेल्या नोंदींत) ‘हिट’, म्हणजे साठवलेलं पान मिळालं, असं दिसतं का ते बघा. ‘मिस’च येत असेल तर बहुधा एखादं प्लगइन (साइटला जोडलेलं जादा सॉफ्टवेअर) प्रत्येक पाहुण्याला कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठणारी ओळखीची नोंद, देत असतं आणि कॅश त्याला साठवलेलं पान देत नाही. किंवा जाहिरातींच्या लिंकांना ‘यूटीएम’ची (वाचक कुठून आला हे नोंदवणारी) शेपटं लागलेली असतात आणि कॅश प्रत्येक शेपटाला वेगळं पान समजतो. ही शेपटं दुर्लक्षित करायला कॅशला सांगा. खात्याची आणि खरेदीची पानं मात्र कॅशमधून कटाक्षाने वगळा, नाहीतर एकाची माहिती दुसऱ्याला दिसेल. आणि ऐन गर्दीत अख्खा कॅश कधीही रिकामा करू नका. बदललेलं पान तेवढं काढा.

३. डेटाबेस तपासा. मायएसक्यूएल या डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग, म्हणजे संथ क्वेरींची नोंद, सुरू करा. त्याची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते, ती १ सेकंदावर आणा. वर्डप्रेसमध्ये पोस्टमेटा (लेखांची जादा माहिती) टेबलातल्या मूल्यांवर शोध घेणारी क्वेरी हमखास सापडते, कारण त्या रकान्यावर इंडेक्स (लवकर शोधायची सूची) नसतो. इनोडीबीचा (मायएसक्यूएलच्या साठवण इंजिनाचा) बफर पूल, म्हणजे डेटा मेमरीत ठेवायची जागा, मूळ १२८ एमबीवरच राहिला असेल तर मेमरी पाहून वाढवा. लॉगिन केलेल्यांना पेज कॅशचा सहसा उपयोग होत नाही, त्यांच्यासाठी रेडिसचा ऑब्जेक्ट कॅश, म्हणजे क्वेरींची उत्तरं मेमरीत साठवणारा कॅश, लावा.

४. वर्डप्रेसची क्रॉन कामं, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप करायची कामं, वाचकांच्या भेटींवर सुरू होतात. ती सोय बंद करून सर्व्हरच्या क्रॉनला जोडा.

५. चित्रं जिथे दिसतात त्या आकारातच द्या, शक्यतो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये. लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच चित्र आणणं) खालच्या चित्रांना ठेवा, वरच्या मुख्य चित्राला नको. पानातला सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा.

प्रत्येक बदल आधी स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणी प्रतीवर, करा, एका वेळी एकच, आणि नंतर पुन्हा मोजा. एवढं करूनही गर्दीच्या वेळी सीपीयू सतत भरलेलाच दिसत असेल, तर मोठा सर्व्हर खुशाल घ्या.