डिसेंबरात सरकारची कामांची यादी येते, ती गावात बसून कशी तपासायची

धान चुरून झालं, कोठीत भरलं, तोवर डिसेंबर संपत येतो आन् व्हॉट्सअपवर ती फाइल फिरायला लागते. वर्षअखेर आढावा, म्हणजे मंत्रालयानं वर्षभर काय काय केलं त्याची यादी. गृह मंत्रालयाचा वेगळा, माहिती आणि प्रसारण मंत्रालयाचा वेगळा. मंग पानठेल्यावर दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते सगळं खरं हाय, दुसरी म्हणते सगळी फेकाफेक हाय, आन् खर्रा घोटता घोटता तासभर भांडण चालते पण फाइल उघडलेली कोणीच नसते. मी ती पहिल्यांदा परीक्षेच्या तयारीसाठी वाचली, पद काही भेटलं नाही पण सवय लागली, तर कशी वाचायची ते इथं लिहून टाकतो.

ही दोनच मंत्रालयं कायले? कारण गडचिरोली-गोंदियाच्या आपल्या पट्ट्यात दिल्लीचं सरकार दारापर्यंत येते ते बहुतेक याच दोन रूपांत, एक वर्दीतला जवान आन् दुसरा रेडिओ-टीव्हीवरचा आवाज. आन् स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ही दोन्ही खाती एकाच माणसाकडं होती बरं का, सरदार पटेलांकडं. गृह पण तेच आन् माहिती-प्रसारण पण तेच.

सगळ्यात आधी, फॉरवर्ड आलेलं रंगीत कार्ड वाचू नका, त्यावर फक्त आकडा असतो, आकड्याच्या आगचं-मागचं वाक्य कापलेलं असते. पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या बातम्या देणाऱ्या कार्यालयाच्या, साइटवर जा, तिथं भाषा मराठी निवडता येते. मराठी भाषांतर कधी कधी असं असते का वाचता वाचता झोप लागते, तेव्हा इंग्रजी पान शेजारी उघडून ठेवा, आकडे दोन्हीकडं जुळवून घ्या. मोबाइलवर डोळे दुखत असतील तं सीएससी सेंटरवरून आपल्या कामाची पाच-सात पानं प्रिंट काढा, सगळी फाइल काढू नका, पैसे जातात.

आन् हे नक्की करा, मागच्या वर्षीचीही यादी काढा. दोन्ही शेजारी ठेवून बसा. नव्या यादीत काय आलं ते तं कोणीही वाचते, आपण बघायचं का जुन्या यादीतलं कोणतं वाक्य यंदा गायब झालं. मागच्या वर्षी 'लवकरच सुरू होणार' होतं ते यंदा 'सुरू झाले'मध्ये आलं का? नसेल आलं तं ते वाक्य वहीत लिहून ठेवा. यासाठी एक दोनशे पानी वही केली मी, उजव्या बाजूला 'बघायचं' असा कॉलम पाडलाय, बस.

एक घोळ आधीच सांगतो, नाही तं उगाच भांडण होईल. वर्षअखेर आढावा जानेवारी ते डिसेंबरचा असतो, मंत्रालयाचा वार्षिक अहवाल बहुतेक एप्रिल ते मार्चचा. त्यामुळं एकाच कामाचा आकडा दोन्हीकडं वेगवेगळा दिसू शकते, त्यात फसवाफसवी नसते. दोघांची मिसळ करून हिशेब लावला का तुम्हीच चुकले.

आता पेन घ्या आन् आकड्याखाली नाही, क्रियापदाखाली रेघ मारा. मंजूर केले, निधी दिला, उभारले, कार्यान्वित झाले. या चार शब्दांत दोन-तीन पावसाळे निघून जातात. मोबाइल टॉवरचंच घ्या. नक्षलग्रस्त भागासाठी पहिल्या टप्प्यात २,३४३ टॉवर झाले, बीएसएनएलचे, टू-जी. मंग एप्रिल २०२२ मध्ये तेच टॉवर फोर-जी करायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. म्हणजे २,३४३ हा आकडा तुम्हाले दोन वेगवेगळ्या वर्षांत दोनदा दिसू शकते, एकदा बांधले म्हणून, एकदा सुधारायचे म्हणून, आन् पानठेल्यावरचा हुशार माणूस दोन्हीची बेरीज करून मोकळा होते. टॉवर तेवढेच हायेत, बाप्पा!

पैशाचंही तसंच. मोठी रक्कम दिसली का ती किती वर्षांची हाय ते शोधा. पाच वर्षांची रक्कम पाच याद्यांत पाचदा छापून येते.

क्रियापद झालं का मंग पायाभूत वर्ष, म्हणजे तुलना कोणत्या वर्षाशी केली ते. इथं जरा थांबून वाचा, कारण अख्ख्या यादीत सगळ्यात जास्त गडबड याच जागी होते. गृह मंत्रालयाचे आकडे हायेत का नक्षली हिंसेच्या घटना २०१० मध्ये १,९३६ होत्या त्या २०२४ मध्ये ३७४ झाल्या, आन् मृत्यू (नागरिक आन् जवान मिळून) १,००५ वरून १५० वर आले. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. १,९३६ वजा ३७४ म्हणजे १,५६२, त्याले १,९३६ नं भागलं का जवळपास ८१ टक्के. मृत्यूंचं तसंच केलं तं ८५ टक्के. बरोबर हाय, खोटं नाही. पण २०१० च कायले घेतलं? कारण हिंसा सगळ्यात जास्त होती त्या वर्षांपैकी ते वर्ष हाय, शिखरावरून मोजलं का उतार जास्तच दिसते. म्हणून ८१ टक्क्याच्या शेजारी मागच्या एका वर्षाशीही तुलना करून लिहायची, दोन्ही आकडे वहीत ठेवायचे. एवढंच करायचं, त्यावरून 'सगळं खोटं हाय' असं म्हणत फिरायचं नाही. घसरण खरी हाय. एटापल्ली-अहेरीकडच्या कोणत्याही माणसाले विचारा. १ जानेवारी २०२५ ला गर्देवाडा-अहेरी एसटीले मुख्यमंत्र्यांनी झेंडा दाखवला, तिकडच्या लोकांनी आपल्या गावात लालपरी पहिल्यांदा पाहिली. माझ्या मते ८१ टक्क्यापेक्षा तो एसटीचा बोर्ड जास्त सांगते.

जिल्ह्यांची संख्या असली का वजाबाकी करून सोडू नका. नक्षलग्रस्त जिल्हे १२६ होते, एप्रिल २०१८ मध्ये ९० झाले. म्हणजे ३६ कमी झाले ना? नाही. ४४ काढले आन् ८ नवे घातले. मंग २०२१ मध्ये ७०, २०२४ मध्ये ३८, एप्रिल २०२५ मध्ये १८, ऑक्टोबर २०२५ मध्ये ११. आता आपलं गडचिरोली बघा, एप्रिल २०२५ ला ते 'सर्वाधिक प्रभावित' सहा जिल्ह्यांत होतं, ऑक्टोबरात त्या यादीत तीनच राहिले, बिजापूर, सुकमा आन् नारायणपूर, तिघंही छत्तीसगडचे. पण 'सर्वाधिक प्रभावित'मधून निघणं वेगळं आन् 'प्रभावित'मधून निघणं वेगळं. या दोन याद्या पेपरवालेही मिसळवतात. कोणत्या यादीतून निघालं ते आधी बघा, मंग फटाके फोडा. यादीवर काही केंद्राचा पैसाही अवलंबून असते, म्हणून नाव निघालं का चांगलंच झालं असं एका झटक्यात म्हणता येत नाही, आमच्याकडं तं यावर लोक कुजबुजत बोलतात.

मंग विचारा, काम कोणाचं? पोलीस हा राज्याचा विषय हाय, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत. नक्षल्यांशी लढणारं सी-६० पथक १९९० चं, गडचिरोली पोलिसांचं, म्हणजे राज्याचं. सीआरपीएफ केंद्राचं. जंगलात दोघं सोबत चालतात आन् डिसेंबरात दोघांच्या याद्यांत तेच काम दोनदा छापून येते. १५ ऑक्टोबर २०२५ ला नक्षल्यांचा मोठा नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढं शस्त्रं ठेवून शरण आला, ही घटना राज्याच्या यादीतही सापडेल, केंद्राच्याही. घटना एकच धरायची. केंद्राच्या यादीत पोलीस चौकीचं श्रेय दिसलं तं वहीत फक्त लिहा 'पैसा कोणाचा, माणूस कोणाचा'.

गुन्ह्यांचे आकडे या यादीत शोधत बसू नका, ते एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं केंद्राचं खातं) 'भारतातील गुन्हे' अहवालात येतात आन् तो उशिरा येते. २०२२ चा डिसेंबर २०२३ मध्ये आला, २०२३ चा तं सप्टेंबर २०२५ मध्ये. त्यात गुन्हे वाढलेले दिसले म्हणजे चोर वाढले असं लगेच नसते, तक्रार घेणं सोपं झालं तरी आकडा वाढते. सायबरचं एकच सांगतो. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३०, त्यावर फोन केल्यानं इतके कोटी 'वाचवले' असं लिहिलं असते, तिथं वाचवले म्हणजे खात्यात अडवले का माणसाच्या हातात परत आले, हा फरक शोधा. आमच्या ओळखीतल्या एकाचे पैसे अडवलेले होते, तो 'वाचले वाचले' करत पेढे वाटून बसला, हातात यायला मंग लय चकरा झाल्या.

आता रेडिओ-टीव्ही. हा भाग मला सगळ्यात आवडते कारण इथं तपासायला दिल्लीची साइट लागत नाही, एक ट्रान्झिस्टर लागते आन् पायात चप्पल.

जानेवारी २०२३ मध्ये 'बिंद' नावाच्या योजनेले मंजुरी मिळाली, आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीसाठी, रक्कम २,५३९.६१ कोटी, २०२५-२६ पर्यंतची. (बघा, अनेक वर्षांची रक्कम.) त्यात सांगितलं का आकाशवाणीच्या एफएमची व्याप्ती भूभागानुसार ५९ टक्क्यांवरून ६६ वर नेऊ आन् लोकसंख्येनुसार ६८ वरून ८० वर. हे दोन टक्के वेगळे कायले? कारण टॉवर शहराजवळ असला का माणसं लय येतात पण जमीन कमी येते. आपल्यासारख्या जंगलातल्या गावांची जमीन जास्त, डोकी कमी. म्हणून यादीत लोकसंख्येचा टक्का ठळक छापला असेल तं तुम्ही भूभागाचा शोधा, आपण त्यात येतो.

तसंच २८ एप्रिल २०२३ ला ९१ एफएम ट्रान्समीटर एकाच दिवशी सुरू झाले, १०० वॅटचे, १८ राज्यं आन् २ केंद्रशासित प्रदेशांत. ३५,००० चौरस किलोमीटर नवीन भाग येणार असं सांगितलं. भागून बघा, एकाच्या वाट्याले ३८५ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे टॉवरपासून चारही बाजूले ११ किलोमीटर. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर. बाकी तुम्हीच समजा.

मी हे असं तपासलं. काकाजी जागलीवर जातात, रानडुकरांपासून धान राखायले, तेव्हा त्यांच्या खांद्याले रेडिओ असतेच. एका संध्याकाळी त्यांच्यासोबत निघालो. घरी एफएम कडक येत होतं. बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) पाळीवर चढलो तं अजून साफ. मंग उतरून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गेलो का खरखर, अँटेना उचलून धरली, हात लावून ठेवला तरच बाई बोलते, हात सोडला का नुसती शिट्टी. मचाणावर चढल्यावर परत आवाज आला. काकाजी म्हणाले, "पोट्ट्या, मला कायले विचारतोस, मला ठाऊक हाय ना कुठं लागते ते, म्हणून तं मचाण एवढं उंच बांधलं." गावच्या नकाशावर अशा चार-पाच जागा खुणा करून ठेवा, वेळ लिहा, पावसात एकदा आन् उन्हाळ्यात एकदा करा. व्याप्तीचा टक्का म्हणजे शेवटी हीच खूण हाय.

टीव्हीचं म्हणाल तं त्याच योजनेत दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त आन् सीमाभागात डीडी फ्री डिशचे ८ लाखांहून जास्त सेट-टॉप बॉक्स फुकट वाटायचे ठरलं. इथंच दोन्ही मंत्रालयं एकमेकांच्या गळ्यात पडतात, नक्षलग्रस्तची यादी गृह खात्याची आन् बॉक्स प्रसारण खात्याचा. तर यादीत 'वाटले' दिसलं का गावात तीन गोष्टी मोजा, बॉक्स किती घरात आला, छत्री किती घरांवर बसली, आन् आज संध्याकाळी चित्र किती घरांत दिसून राहिलं. तिन्ही आकडे वेगळे निघतील. आमच्या गल्लीत एका घरी सगळं होतं पण पडदा काळा, वर चढून पाहिलं तं वांदरानं छत्री फिरवून ठेवलेली. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला हाय, म्हणजे आपल्याकडून छत्रीचं तोंड आग्नेयेकडं लागते, ती पश्चिमेकडं बघत बसली होती. पाना घेऊन एकजण वर, दुसरा खिडकीतून ओरडते "आला, आला, गेला, गेला". अर्ध्या तासात सह्याद्री वाहिनी लागली. महिन्याचा रिचार्ज लागत नाही, फ्री डिशवर २००४ पासून तसंच हाय, म्हणून कोणी रिचार्जचे पैसे मागितले तं देऊ नका.

एक बारकी गोष्ट. प्रसार भारती कायद्यानं स्वायत्त हाय, कायदा १९९० चा, लागू झाला १९९७ मध्ये, पण पैसा मुख्यतः सरकारकडून येते. तर दूरदर्शनवर सरकारच्या कामाची बातमी लागली का ती माहिती म्हणून घ्या, तपासणी म्हणून नको.

वहीत 'बघायचं'मध्ये उरलेल्या ओळींचं काय करायचं? आधी संसदेच्या साइटवर प्रश्नोत्तरं शोधा, खासदारांनी विचारलेल्या अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नांच्या उत्तराले बहुतेक वेळा जोडपत्र असते, त्यात राज्याचा, कधी कधी जिल्ह्याचा तक्ता मिळते. तिथं सापडलं तं अर्ज करायची गरजच नाही. गावातल्या गावात सुटणारं असेल, म्हणजे बॉक्स कोणाले आले वगैरे, तं २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विचारा, आन् प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या म्हणा, नुसतं तोंडी नको. आमच्याकडं पहिल्या वर्षी सगळी यादी वाचायला घेतली तं चौथ्या ओळीले लोक उठून नाश्त्याकडं गेले. पाचच ओळी न्या.

बाकीच्यासाठी माहिती अधिकार. केंद्राच्या खात्याले ऑनलाइन करता येते, फी १० रुपये, साधारण ५०० शब्दांची मर्यादा, उत्तराले ३० दिवस. राज्याच्या खात्याले, म्हणजे पोलिसांबद्दल वगैरे, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणं एका अर्जात एकच विषय आन् १५० शब्द. सीआरपीएफसारख्या दलांले कलम २४ नं सूट हाय, भ्रष्टाचार आन् मानवी हक्काचा विषय सोडून, तिथं जवान किती, कुठं हायेत असलं विचारू नका, मिळत नाही आन् विचारायचंही नसते. अर्जात 'का केलं नाही' असं भांडण लिहू नका, कागद मागा, अमुक योजनेत अमुक तालुक्यात वाटलेल्या बॉक्सची गावनिहाय संख्या असलेल्या नोंदीची प्रत द्यावी, एवढंच. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तं त्याची झेरॉक्स जोडा, १० रुपयेही लागत नाहीत.