फायरवॉल चालू ठेवून वायफाय प्रिंटर कसा जोडावा

पंचवटीत माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. नवा राउटर बसवला त्याच दिवशी प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवायला लागला, आणि सातबाऱ्याच्या प्रिंटसाठी समोर चौघं उभे. घाईत मी फायरवॉलच, म्हणजे बाहेरून संगणकात शिरणारी नको ती जोडणी अडवणारा पहारेकरीच, बंद केली. तसं करू नका.

आधी संगणक आणि प्रिंटर एकाच वायफायवर आहेत ना, ते बघा. गेस्ट वायफाय गिऱ्हाइकांना द्या, प्रिंटर त्यावर नको. मग विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये जोडलेल्या वायफायच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे 'पब्लिक' (अनोळखी नेटवर्क) असेल तर 'प्रायव्हेट' (आपलं, भरवशाचं नेटवर्क) करा. विंडोज नवं वायफाय पब्लिकच धरतं. माझं घोडं इथंच अडलं होतं.

तरीही जमलं नाही, तर विंडोजच्या फायरवॉलमधल्या 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल'मध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी'समोर फक्त प्रायव्हेटच्या रकान्यात टिक करा. अँटिव्हायरसची वेगळी फायरवॉल असली, तर तिच्यात छपाईसाठी टीसीपी ९१०० किंवा ६३१ आणि प्रिंटर शोधायला यूडीपी ५३५३ हे पोर्ट, म्हणजे माहिती ये-जा करायचे क्रमांक दिलेले दरवाजे, उघडावे लागतात (टीसीपी आणि यूडीपी हे त्यांचे प्रकार).

राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) राखूनही ठेवा. नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि पुन्हा तीच बोंब.