चढाईपटू निवडताना शरीरयष्टी किती पाहावी?

महाविद्यालयाच्या कबड्डी संघासाठी चढाईपटू निवडताना उंची आणि वजन जरूर पाहावे, मात्र ते अखेरीस पाहावे. आधी मुलगा मध्यरेषेकडे परत कसा येतो, हे पाहावे. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांत निवड चाचणीला येणाऱ्या मुलांपैकी काही तालमीत घडलेले असतात, तर काही शेतातल्या कामाने काटक झालेले असतात. त्यांच्यातील धिप्पाड मुलाचे नाव चाचणी सुरू होण्यापूर्वीच फिजिकल डायरेक्टरांच्या मनात पक्के झालेले असते. ही घाई संघाला महागात पडते, कारण बाद झालेला चढाईपटू प्रतिस्पर्ध्याला गुण तर देतोच, शिवाय आपल्या संघाने गुण मिळवून त्याला उठवेपर्यंत तो मैदानाबाहेर बसून राहतो.

शरीराचा विचार मैदानाच्या मापावरून सुरू करावा. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. त्यामुळे प्रत्येक संघाच्या वाट्याला ६.५ मीटर खोलीचे अंगण येते. मध्यरेषेपासून निदान रेषा, म्हणजे चढाई वैध ठरण्यासाठी ओलांडावी लागणारी रेषा, ३.७५ मीटरवर आणि तिच्यापुढे एक मीटरवर जादा गुण देणारी बोनस रेषा असते. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची राखीव क्षेत्रे झटापट सुरू झाल्यावरच खेळात येतात. चढाईला ३० सेकंद मिळतात. वरिष्ठ गटात पुरुषांसाठी ८५ किलो आणि महिलांसाठी ७५ किलो ही वजनाची कमाल मर्यादा आहे. म्हणजे फार अवजड मुलाचा प्रश्न नियमानेच निकालात निघतो, आणि निवड करणाऱ्यापुढे साधारणपणे ६० ते ८५ किलो या टप्प्यातील मुले उरतात.

या मापांत उंचीचा फायदा खरा आहे. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस घेण्यासाठी एक पाय रेषेपलीकडे टेकवून दुसरा हवेत ठेवावा लागतो. लांब पायांच्या मुलाला हे काम धड फारसे आत न नेता साधते. पायाच्या पंज्याने किंवा हाताने गडी टिपतानाही हाच लाभ मिळतो. त्याहून मोठा लाभ पकड झाल्यानंतर दिसतो. घोटा धरला गेला आणि मुलगा मध्यरेषेच्या दिशेने अंग झोकून आडवा पडला, तर पावलापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी हीच त्याची सुटका ठरते. १६५ सेंटिमीटर आणि १८३ सेंटिमीटर उंचीच्या दोन मुलांमध्ये या लांबीचा फरक सुमारे वीतभर भरतो, आणि अनेक झटापटींचा निकाल तेवढ्याच अंतरावर लागतो. अहमदाबादला २०१६ मध्ये झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध भारताचा डाव सावरणारा अजय ठाकूर हा उंच चढाईपटू होता, आणि बचावपटूंच्या डोक्यावरून घेतलेली त्याची बेडूकउडी प्रसिद्ध आहे. मात्र उंच मुलाचा घोटा कोपरारक्षकाला, म्हणजे कोपऱ्यात उभ्या असलेल्या बचावपटूला, लवकर सापडतो. जो उंच मुलगा गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून फिरू शकत नाही, त्याची उंची बचावपटूंच्याच उपयोगी पडते.

वजनाबाबत अधिक सावध राहावे. आपल्या सीमेला लागून असलेल्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई २०१८ च्या प्रो कबड्डी हंगामात यू मुंबाकडून उतरला आणि दोन-तीन बचावपटूंना अंगावर घेऊन मध्यरेषा गाठू लागला. तेव्हापासून या भागातील प्रत्येक दणकट मुलाला आपण चढाईपटूच व्हावे असे वाटू लागले असावे. पण त्याची ताकद वेगासह येत असे, हे लक्षात घ्यावे. कुस्ती खेळलेला मुलगा बहुधा पकडीला उत्तर म्हणून समोरच्याला भिडतो. तालमीत हे योग्य असले, तरी चढाईत भिडण्यात गेलेला एक सेकंद उरलेल्या बचावपटूंना जवळ येण्यास पुरतो. अशा मुलाची चढाईची सवय दोन-तीन आठवड्यांत बदलली नाही, तर त्याला कोपऱ्यात उभे करावे. मांडीची आणि कमरेची पकड त्याला उपजतच येते.

बुटक्या किंवा मध्यम चणीच्या मुलाला नाकारताना तर दहा वेळा विचार करावा. साखळी करून आलेल्या बचावपटूंच्या हातांखालून निसटण्याची डुबकी खाली झुकता येणाऱ्यालाच जमते. प्रदीप नरवालने २०१७ मध्ये पाटणा पायरेट्सकडून हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एकाच सामन्यात ३४ गुण घेतले, आणि त्याची ओळख डुबकीवरच उभी आहे.

आता प्रत्यक्ष चाचणीकडे वळू. मोकळ्या मैदानावरची धाव पाहून फारसे काही कळत नाही. मुलाला निदान रेषेच्या पलीकडे, बचावाकडे तोंड करून उभे करावे, एका कोपरारक्षकाला त्याचा घोटा हलकेच धरू द्यावा आणि शिट्टीबरोबर सुटायला सांगावे. हे दोन्ही कोपऱ्यांकडून, दोन्ही पायांवर करावे. तीन गोष्टी पाहाव्यात: धरलेला पाय तो ओढत बसतो की दुसरा पाय मध्यरेषेकडे टाकतो, स्पर्श झाल्यावर खुले झालेले राखीव क्षेत्र वापरतो की सरळ रेषेतच अडकतो, आणि पडताना हात पुढे पसरतो की छातीखाली घेतो. यांतील पहिली गोष्ट शिकवायला सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून तिलाच सर्वाधिक महत्त्व द्यावे. त्यानंतर त्याच मुलाकडून थोड्या विश्रांतीने सलग सहा-सात चढाया करून घ्याव्यात. वजनदार मुलाची पहिली चढाई नेहमीच देखणी दिसते, पण सामना २०-२० मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो आणि निर्णायक चढाया दुसऱ्या सत्राच्या अखेरीस येतात. चाचणी लाल मातीवर घेतली असेल आणि स्पर्धा मॅटवर असेल, तर अंतिम यादीपूर्वी एकदा तरी बूट घालून मॅटवर खेळवावे. मातीवर अनवाणी सफाईने वळणारी काही मुले मॅटवर गोंधळतात.

मुलींच्या संघाला हेच निकष लावावेत, पण माप वेगळे धरावे. त्यांचे मैदान १२ बाय ८ मीटर असते आणि निदान रेषा ३ मीटरवर येते. अंतर कमी असल्याने लांब हातापायांचा प्रभाव काहीसा वाढतो.

शेवटी उरलेल्या मुलांतून एकाच साच्याचे चढाईपटू घेऊ नयेत. बोनस आणि पायाचा स्पर्श साधणारा एक उंच मुलगा, साखळीखालून निसटणारा एक चपळ मुलगा, आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर येणाऱ्या तिसऱ्या, म्हणजे गुण घ्यावाच लागणाऱ्या चढाईसाठी धक्का पेलणारा एक मुलगा, अशी रचना मला सर्वांत टिकाऊ वाटते. दोघांची गुणवत्ता खरोखर सारखी असेल, तेव्हाच उंच मुलाला पसंती द्यावी, कारण उंची शिकवता येत नाही, तर वजन मात्र वाढवता येते. अठरा-एकोणीस वर्षांच्या सडसडीत मुलाला भाकरी, उसळ, दूध, शेंगदाणे आणि अंडी असा पुरेसा आहार आणि नियमित जोर-बैठका दिल्या, तर एका वर्षात त्याच्या अंगात चांगला फरक पडतो.

उलट प्रकार अजिबात करू नये. ८८ किलोच्या मुलाला स्पर्धेच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवून, पाणी तोडून काट्यावर उभे केले, तर तो वजनात बसेलही, पण दुपारच्या सामन्यात त्याच्या पायांत जीव उरणार नाही आणि उन्हात त्याला चक्करही येऊ शकते. अशा मुलाचे वजन स्पर्धेच्या किमान सहा आठवडे आधीपासून दर आठवड्याला नोंदवावे आणि ते सावकाश उतरत नसेल, तर त्याच्या जागी राखीव पाच खेळाडूंतील चढाईपटूला वेळीच तयार करावे.