ऑनलाइन हजेरी सॉफ्टवेअर: पहिला महिना सांभाळताना

एचआरमध्ये किंवा टाइम ऑफिसात नव्याने लागलेल्या माणसाच्या हाती लवकरच हजेरी सॉफ्टवेअरचं ॲडमिन लॉगिन येतं. ब्राउझरमध्ये पंच, म्हणजे येण्या-जाण्याच्या वेळेच्या नोंदी, दिसतात, महिनाअखेरीस रिपोर्ट निघतो, त्यामुळे काम सोपं वाटतं. तासांची बेरीज सॉफ्टवेअर बिनचूक करतं, पण ती आपण भरलेल्या नियमांप्रमाणे. म्हणून कर्मचाऱ्यांची यादी अपलोड करायची घाई नको. पाळीच्या वेळा, उशिराची सवलत, जेवणाची सुटी पगारी की बिनपगारी, ओव्हरटाइम दिवसावर मोजायचा की आठवड्यावर, हे सगळं आधी कागदावर उतरवा आणि पगार काढणाऱ्यांकडून पक्कं करून घ्या.

त्यात राउंडिंग, म्हणजे पंचाची वेळ जवळच्या ठरावीक टप्प्यावर नेणं, नीट समजून घ्या. १५ मिनिटांचं राउंडिंग असेल तर ९:०७ चा पंच ९:०० धरला जातो आणि ९:०८ चा ९:१५. हाच नियम जाण्याच्या वेळेलाही लागला पाहिजे. येण्याची वेळ नेहमी पुढे आणि जाण्याची नेहमी मागे ढकलली, तर कर्मचाऱ्याची मिनिटं रोज कापली जातात आणि ते अन्यायाचं आहे. शक्य असेल तिथे राउंडिंग बंद ठेवून मिनिटाला मिनिट मोजणंच बरं. जेवणाच्या सुटीची आपोआप वजावटही तपासा. किमान तासांची अट घातली नसेल तर तीन तास काम करून गेलेल्या माणसाचाही अर्धा तास कापला जातो.

नवख्यांना सर्वांत जास्त छळते ती रात्रपाळी. माणूस २२:०० ला आला आणि ०६:०० ला गेला. मधे तारीख बदलली. दिवस मध्यरात्री संपतो असं सेटिंग असेल तर पहिल्या तारखेला नुसता ‘इन’ दिसतो, दुसरीला नुसता ‘आउट’, आणि आठ तास काम करूनही बेरीज शून्य. उपाय म्हणजे त्या पाळीसाठी दिवस बदलण्याची वेळ दुपारी १२ सारखी ठेवणं. पाळीनंतर दीड तास ओव्हरटाइम झाला, तरी ०७:३० चा पंच मग आदल्या दिवसातच बसतो.

सेटिंग झालं की एक चाचणी खातं उघडा आणि त्यावर दिवसपाळी, रात्रपाळी, विसरलेला ‘आउट’ आणि लागोपाठ दोनदा दाबलेला पंच असे चारही प्रकार करून बघा. शेवटचा प्रकार किरकोळ वाटतो, पण पेज हळू उघडलं की लोक बटण पुन्हा दाबतात. दुसरा पंच ‘आउट’ ठरतो आणि पुढच्या सगळ्या जोड्या उलट्या होतात. दोन-तीन मिनिटांच्या आतला दुसरा पंच गाळण्याची सोय असेल तर ती चालू करा. फोनचं घड्याळ तासभर मागे करूनही एक पंच मारा. नोंद खऱ्या वेळेची झाली तर सॉफ्टवेअर सर्व्हरची वेळ घेतंय. नेट नसताना मारलेले पंच मात्र बऱ्याचदा फोनच्या घड्याळावर नोंदले जातात, ते वेगळे काढून पाहावेत. आणि टाइमझोन कंपनीच्या खात्यात, शाखेत आणि प्रत्येक युजरच्या प्रोफाइलमध्ये असा तिन्हीकडे बघा.

महिना सुरू झाला की रोज सकाळी दहा मिनिटं कालच्या अपुऱ्या पंचांसाठी राखून ठेवा. काल किती वाजता निघालात, याला आज नेमकं उत्तर मिळतं. तीन आठवड्यांनी मिळतो तो अंदाज, आणि त्यावर कुणाचा तरी पगार ठरतो. दुरुस्ती करताना मूळ पंच पुसू नका. कर्मचाऱ्याने कारण लिहून विनंती करावी, सुपरवायझरने मंजुरी द्यावी आणि जुनी-नवी वेळ दोन्ही नोंदीत राहाव्यात. ॲडमिनचा पासवर्ड दोघांत वापरला तर बदल कुणी केला हे कधीच कळत नाही.

महिनाअखेरीस आधी अपुरे पंच, मग रजा, मग सुपरवायझरची मंजुरी, त्यानंतर महिना लॉक (म्हणजे पुढे बदल बंद) आणि शेवटी एक्सपोर्ट, म्हणजे पगारासाठी फाइल काढणं, हा क्रम मोडू नका. लॉक न करता फाइल काढली तर पगाराचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा वेगळे पडतात.

एक्सपोर्टमध्ये दोन सापळे आहेत. ७ तास ३० मिनिटं दशांशात ७.५ होतात. कुणी ७.३० लिहिलं तर पगाराचं सॉफ्टवेअर ते ७ तास १८ मिनिटं समजतं. रोज अशी बुडालेली १२ मिनिटं २६ दिवसांत ५ तास १२ मिनिटं होतात. दुसरा सापळा एक्सेलचा. साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये २४ तास झाले की गणती शून्यापासून सुरू होते, म्हणून १७६ तासांची बेरीज ०८:०० दिसते. फॉरमॅटमधलं तासांचं अक्षर चौकोनी कंसात टाकलं, म्हणजे [h]:mm केलं, की पूर्ण आकडा दिसतो. कर्मचारी क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर तो कॉलम ‘टेक्स्ट’ म्हणून उघडा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि नोंदी जुळत नाहीत.

पहिल्या पगारापर्यंत जुनं मस्टर बंद करू नका. दहा जणांचे तास दोन्हीकडे हाताने जुळवा आणि त्यात रात्रपाळीचा, अर्ध्या दिवसाचा आणि महिन्याच्या मध्यात रुजू झालेला असा एकेक माणूस नक्की घ्या.