वायफायवर प्रिंटर जोडताना: आधी राउटर, मग संगणक

वायफायचा प्रिंटर संगणकाला जोडायचा असे आपण सहज म्हणतो; प्रत्यक्षात तो जोडला जातो राउटरला. संगणक, फोन आणि प्रिंटर ही तिन्ही उपकरणे एकाच राउटरच्या नेटवर्कवर असतात आणि छापायचा मजकूर संगणकाकडून राउटरकडे व तेथून प्रिंटरकडे जातो. त्यामुळे जोडणीची कामे दोन ठरतात: प्रिंटरला नेटवर्कवर आणणे आणि तो तेथे कोठे आहे हे संगणकाला सांगणे. पहिले काम पुरे झाल्याची खात्री न करता दुसऱ्याला हात घातला, की प्रिंटर सापडत नसल्याचा संदेश येतो आणि दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे कळायला मार्ग राहत नाही. या दोन कामांच्या जोडीला तिसरे एक लहानसे काम आहे, प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता कायम करण्याचे. बहुतेक माहितीपुस्तिका ते एखाद्या ओळीत आटोपतात, पण पुढच्या कटकटी टाळायच्या असतील तर माझ्या मते सर्वांत मोलाचे तेच आहे.

सुरुवातीपूर्वी पाहायच्या गोष्टी

प्रिंटरमध्ये शाई आणि कागद भरून त्याची पहिली तयारी पूर्ण होऊ द्यावी, कारण पुढे एक-दोन पाने छापून पाहावी लागतात. यूएसबी केबल सोबत आली असली तरी ती या टप्प्यावर संगणकाला लावू नये. ती लावताच संगणक त्या प्रिंटरची यूएसबीवरचा प्रिंटर म्हणून नोंद करतो आणि नंतर यादीत एकाच यंत्राच्या दोन नोंदी दिसू लागतात. नेटवर्कची केबलही प्रिंटरला लावलेली नसावी, कारण ती लागलेली दिसताच अनेक प्रिंटर आपले वायफाय आपोआप बंद करतात.

बँडचा, म्हणजे वायफाय ज्या रेडिओलहरींच्या पट्ट्यावर चालते त्याचा, मुद्दा थोडा सविस्तर पाहायला हवा. घरगुती वापराचे बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर चालतात, तर आजचे राउटर २.४ आणि ५ असे दोन्ही बँड एकाच वेळी देतात. राउटरने दोन बँडना वेगवेगळी नावे दिली असतील, तर ५ गिगाहर्ट्झचे नाव अशा प्रिंटरच्या यादीत दिसणारच नाही. त्यात बिघाड काही नसतो. दोन्हींना एकच नाव असेल तर प्रिंटर आपल्याला चालणारा बँड स्वतःच धरतो, मात्र फोनवरच्या ॲपमधून जोडणी करताना फोन ५ गिगाहर्ट्झवर असल्यास काही वेळा प्रक्रिया मध्येच अडकते. तसे झाल्यास राउटरच्या सेटिंगमधून ५ गिगाहर्ट्झचा बँड तेवढ्यापुरता बंद करावा आणि जोडणी झाल्यावर पुन्हा चालू करावा. जोडणीनंतर संगणक ५ वर आणि प्रिंटर २.४ वर राहिला तरी छपाई अडत नाही, कारण राउटर दोन्ही बँडवरच्या उपकरणांना एकाच नेटवर्कमध्ये धरतो. छपाईला फार वेग लागतही नाही, आणि भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अधिक चांगला पोहोचतो, हे ध्यानात घेता प्रिंटर दोन्ही बँडवर चालणारा असला तरी त्याला २.४ वरच ठेवण्यात शहाणपण आहे.

सुरक्षेचा प्रकारही पाहून ठेवावा. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षापद्धतीवर ठेवलेला असेल, तर पासवर्ड अचूक देऊनही जुना प्रिंटर जोडला जात नाही. अशा वेळी तिच्या आधीची डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय निवडावा. प्रिंटर जुना आहे म्हणून डब्ल्यूईपीसारख्या कालबाह्य पद्धतीवर उतरू नये, कारण त्याने सगळ्या उपकरणांची सुरक्षा जाते. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गेस्ट नेटवर्कवर प्रिंटर जोडण्याचाही उपयोग नसतो, कारण त्या नेटवर्कवरची उपकरणे एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना बहुधा केलेली असते. ज्या वायफायवर ब्राउझरमध्ये पान उघडून नाव किंवा फोनक्रमांक द्यावा लागतो, तेथे सामान्य प्रिंटर जोडता येत नाही. ते पान भरण्याची सोय त्याच्याकडे नसते.

प्रिंटर नेटवर्कवर आणणे

प्रिंटरला स्वतःची स्क्रीन असेल तर हे काम सर्वांत सरळ होते. तिच्यावरच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा वायरलेस या नावाखाली सेटअप विझार्ड असतो. तो उघडून यादीतून आपल्या वायफायचे नाव निवडावे आणि पासवर्ड टाकावा. लहान स्क्रीनवर बाणांच्या बटणांनी एकेक अक्षर शोधावे लागते, त्यामुळे चूक होते ती येथेच. इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मोजली जातात, आणि शून्य व ओ, एक व एल यांच्या दिसण्यातला सारखेपणा फसवतो. वायफायचे पासवर्ड किमान ८ आणि कमाल ६३ चिन्हांचे असू शकतात, तेव्हा लांबलचक पासवर्ड असणाऱ्यांनी तो समोर लिहून ठेवूनच बसावे.

स्क्रीन नसलेल्या प्रिंटरसाठी डब्ल्यूपीएस ही बटणाची पद्धत आहे. राउटरवरचे डब्ल्यूपीएसचे बटण दाबावे आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचे वायफायचे बटण, दिवा लुकलुकू लागेपर्यंत, दाबून धरावे. दोघे आपसांत बोलून घेतात आणि पासवर्ड टाकावा लागत नाही. याच सोयीचा आठ अंकी पिनचा जो दुसरा प्रकार आहे, तो मात्र वापरू नये. राउटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो शोधून काढता येतो, ही त्रुटी २०११ मध्ये जाहीर झाली. बटणाने जोडणी करावी आणि राउटरमध्ये पिनचा पर्याय बंद ठेवावा. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ वर असेल तर डब्ल्यूपीएस चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

तिसरी पद्धत फोनवरच्या ॲपची. नवा प्रिंटर सुरू झाल्यावर काही काळ स्वतःचेच एक तात्पुरते नेटवर्क प्रसारित करतो किंवा ब्लूटूथवर दिसतो. उत्पादकाचे ॲप त्याच्याशी बोलून वायफायचे नाव आणि पासवर्ड त्याच्या हवाली करते आणि मग प्रिंटर आपले तात्पुरते नेटवर्क बंद करून राउटरकडे वळतो. त्या मधल्या काळात फोन अशा नेटवर्कवर असतो ज्यावर इंटरनेट नाही, त्यामुळे अनेक फोन परस्पर मोबाइल डेटाकडे वळतात आणि जोडणी तुटते. म्हणून मोबाइल डेटा तेवढा वेळ बंद ठेवावा. अँड्रॉइडवर हे ॲप लोकेशनची परवानगी मागते, ती जवळपासची वायफाय नेटवर्क शोधण्यासाठी लागते; आयफोनवर लोकल नेटवर्कची परवानगी विचारली जाते आणि ती नाकारल्यास ॲपला प्रिंटर दिसत नाही. जोडणीचा हा काळ संपून गेला असेल, तर प्रिंटरच्या नेटवर्क सेटिंग मूळ स्थितीला आणून तो पुन्हा सुरू करता येतो. उत्पादकाच्या ॲपला खाते उघडण्याचा, शाईची वर्गणी घेण्याचा आग्रह करण्याची सवय असते. छपाईसाठी त्यांपैकी बऱ्याच गोष्टी अनावश्यक असतात आणि जेथे वगळण्याचा पर्याय दिसेल तेथे तो निर्धास्तपणे निवडावा.

येथे एक घोटाळा हमखास होतो. फोनच्या किंवा संगणकाच्या वायफाय यादीत 'डायरेक्ट' या शब्दाने सुरू होणारे प्रिंटरचे नाव दिसते, वापरणारा त्यालाच जोडून घेतो, छपाई होते, आणि मग इंटरनेट का गेले याचा शोध सुरू होतो. ती वायफाय डायरेक्टची, म्हणजे राउटरला वगळून थेट प्रिंटरशी जुळण्याची सोय आहे. एखाद्या पाहुण्याला आपल्या वायफायचा पासवर्ड न देता एखादे पान छापू देण्यासाठी ती चांगली आहे. रोजच्या वापरासाठी नव्हे.

पहिले काम झाले का, हे तपासणे

दिवा स्थिर झाला म्हणजे काम झाले असे मानून पुढे जाऊ नये. जवळजवळ प्रत्येक प्रिंटर आपल्या नेटवर्कच्या स्थितीचे एक पान छापून देतो. त्यासाठी मेनूत नेटवर्क रिपोर्टसारखा पर्याय असतो किंवा एखादे बटण काही सेकंद दाबावे लागते. त्या पानावर नेटवर्कचे नाव, सिग्नलची ताकद, आयपी पत्ता (उपकरणाला नेटवर्कवर मिळालेला क्रमांक) आणि मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक) या चार गोष्टी शोधाव्यात. आयपी पत्ता १९२.१६८.१.४५ अशा धाटणीचा, म्हणजे संगणकाच्या पत्त्याशी सुरुवातीचे आकडे जुळणारा असेल, तर प्रिंटर योग्य ठिकाणी पोहोचला. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने प्रिंटरला पत्ता दिलेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता धारण केला आहे. राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद करून, आधी राउटर आणि मग प्रिंटर सुरू करून पुन्हा पाहावे.

आता संगणकावरच्या ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत तोच आयपी पत्ता टाकावा. बहुतेक प्रिंटरचे स्वतःचे वेबपान उघडते, ज्यात शाईची पातळी आणि सेटिंग दिसतात. सुरक्षेचा इशारा दिसल्यास घाबरू नये. प्रिंटरने स्वतःच तयार केलेले प्रमाणपत्र ब्राउझरला ओळखीचे नसते, म्हणून तो येतो. हे पान उघडले, की संगणकाकडून प्रिंटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे हे सिद्ध झाले, आणि यापुढची कोणतीही अडचण संगणकातच शोधायची.

संगणक आणि फोन

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स या क्रमाने जाऊन ॲड डिव्हाइस निवडावे. प्रिंटर यादीत आला नाही तर हाताने जोडण्याचा पर्याय घेऊन त्यात आयपी पत्त्याने जोडण्याची निवड करावी आणि छापलेल्या पानावरचा पत्ता द्यावा. यादीत न येण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे विंडोजने आपले वायफाय पब्लिक म्हणून नोंदवलेले असणे. घरच्या किंवा विश्वासाच्या नेटवर्कसाठी ते प्रायव्हेट करावे. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये नवा प्रिंटर जोडताना एअरप्रिंटचा, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या छपाईपद्धतीचा, पर्याय दिसत असेल तर तोच ठेवावा. लिनक्सवर कप्स ही छपाईची व्यवस्था बहुतेक नव्या प्रिंटरना आपणहून ओळखते.

फोनवर सहसा काही बसवावे लागत नाही. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणले, आणि २०१३ मध्ये काही प्रिंटर उत्पादकांनी मिळून मोप्रिया ही संस्था स्थापन केली, जिच्या मानकांवर अँड्रॉइडची छपाई चालते. फोन त्याच वायफायवर असला, की शेअरच्या किंवा मेनूच्या पर्यायातून प्रिंट निवडताच प्रिंटरचे नाव दिसते.

पत्ता कायम करणे

राउटर उपकरणांना आयपी पत्ते मुदतीवर देतो. प्रिंटर काही दिवस बंद राहिला किंवा वीज जाऊन राउटर नव्याने सुरू झाला, की त्याला दुसराच पत्ता मिळू शकतो. संगणक मात्र जुन्या पत्त्यावर कागद पाठवत राहतो आणि कालपर्यंत नीट चालणारा प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. मग प्रिंटर काढून पुन्हा जोडला जातो, तेवढ्यापुरते चालते, आणि पत्ता पुढे बदलला की तेच घडते. यावरचा उपाय राउटरमध्ये आहे. त्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी किंवा लॅन या विभागात ॲड्रेस रिझर्व्हेशन असा पर्याय असतो. तेथे प्रिंटरचा बारा चिन्हांचा मॅक पत्ता देऊन त्याच्यासमोर एक आयपी पत्ता राखून ठेवावा, प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि नवे पान छापून तोच पत्ता मिळाला का ते पाहावे.

हाच परिणाम प्रिंटरमध्ये हाताने पत्ता भरूनही साधता येतो, परंतु ती पद्धत मला कमी पसंत आहे. राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याबाहेरचा पत्ता निवडावा लागतो, अन्यथा दोन उपकरणांकडे एकच पत्ता जाण्याचा धोका असतो. शिवाय पुढे राउटर बदलला आणि त्याचे आकडे वेगळे असले, तर हाताने पत्ता भरलेला प्रिंटर नव्या नेटवर्कवर हरवतो.

विंडोजवर आणखी एक गोष्ट करावी. प्रिंटर आपोआप जोडला गेला असल्यास विंडोज पुष्कळदा त्यासाठी डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट, म्हणजे प्रिंटरकडे मजकूर पाठवण्याची वाट, तयार करतो, जो प्रिंटरला दर वेळी नेटवर्कवर शोधतो आणि प्रिंटर झोपेत असला की कधी कधी चुकतो. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्स या भागात स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट तयार करून त्यात राखून ठेवलेला पत्ता दिला, तर ही अडचण बहुधा मिटते. त्यानंतरही वेबपान उघडत असून प्रिंटर ऑफलाइनच दिसत असेल, तर त्याच पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची खूण काढून पाहावी. संगणकावर व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असेल तर तेही बंद करून पाहावे, कारण काही व्हीपीएन स्थानिक नेटवर्ककडे जाणारा रस्ताच बंद करतात.

वायफायचा पासवर्ड किंवा राउटर बदलल्यावर प्रिंटरचे पहिले काम पुन्हा करावे लागते. नव्या राउटरला जुन्याचेच नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दिला तर प्रिंटर आपोआप जोडला जातो. पत्त्याचे आरक्षण मात्र नव्या राउटरमध्ये नव्याने करावे लागते आणि नव्या राउटरच्या पत्त्यांचे आकडे वेगळे असतील तर संगणकातला पोर्टही बदलावा लागतो.

प्रिंटरच्या वेबपानाला मूळचा पासवर्ड असतो किंवा मुळीच नसतो, म्हणून तो लगेच बदलावा आणि तेथूनच फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे. बाहेरगावाहून छापता यावे म्हणून राउटरमध्ये प्रिंटरचा ९१०० क्रमांकाचा पोर्ट (छपाईचा मजकूर स्वीकारणारे दार) इंटरनेटला उघडा करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये; त्या पोर्टवर ओळख विचारली जात नाही आणि कोणीही त्यावर काहीही छापू शकतो. प्रिंटर विकण्यापूर्वी किंवा दुसऱ्याला देण्यापूर्वी फॅक्टरी रीसेट करावे, कारण वायफायचा पासवर्ड त्याच्या आत साठवलेला राहतो.