फोटो मोठा करून छापण्याआधी पिक्सेल बघा

वेरूळला कैलास लेण्यासमोर काढलेला घरच्या सगळ्यांचा फोटो मोबाइलवर झकास दिसतो आणि 12 बाय 18 इंचांच्या फ्रेममध्ये फाटतो, म्हणजे धूसर, चौकटी-चौकटींचा दिसतो. स्टुडिओवाल्याशी वाद घालण्याआधी फाइलमध्ये पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते बारीक ठिपके, किती आहेत ते बघा.

गॅलरीत फोटो उघडून 'डिटेल्स' दाबा. 4000 × 3000 असे दोन आकडे दिसतील. हातात धरून बघायच्या फोटोला दर इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणून दोन्ही आकड्यांना 300 ने भागा. साधारण 13 × 10 इंच येतील. भिंतीवरचा फोटो लांबून बघतात, तिथे 200 ने भागलं तरी चालतं: 20 × 15 इंच. चौकातल्या फ्लेक्सला याहून बरेच कमी पुरतात.

डीपीआय म्हणजे दर इंचाला किती ठिपके; 'डीपीआय 300 करून द्या' असं सांगून काही होत नाही. संगणकात 72 च्या जागी 300 लिहिलं तरी पिक्सेल तेवढेच राहतात.

खरं नुकसान होतं ते फोटो पाठवताना. नांदेडच्या मामांनी व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो नेहमीच्या पद्धतीने आला, तर लांब बाजू बहुधा 1600 पिक्सेलच्या आसपास उरते. त्यात 4 बाय 6 निघेल, 12 बाय 18 नाही. मामांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, किंवा पेनड्राइव्हवर घ्या. स्क्रीनशॉट तर नकोच.

आजोबांचा एकच पासपोर्ट फोटो उरलाय, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्याचा मोबाइलने फोटो काढू नका, 1200 डीपीआयवर स्कॅन करून घ्या. 3.5 × 4.5 सेंमीच्या फोटोतून सुमारे 1650 × 2125 पिक्सेल मिळतात आणि 8 बाय 10 ची फ्रेम होते. त्याहून मोठी करू नये. मूळ कागदावरच बारकावे नसतील तर स्कॅनर ते कुठून आणणार? मूळ फोटो मात्र दुकानात सोडून येऊ नका, समोर उभं राहून स्कॅन करा.

शेवटी कापणी. मोबाइलचा फोटो बहुधा 4:3 असतो, 4 बाय 6 चा कागद 3:2. आडवा फोटो कागदभर छापला की उंचीतला नववा भाग जातो, म्हणजे मागच्या रांगेतली डोकी नाहीतर पुढे बसलेल्या लेकरांचे पाय. कुणी कापलं जात असेल तर 'पांढरी कडा ठेवून पूर्ण फोटो छापा' असं ऑर्डर देतानाच सांगा.